नसरीनच्या पासपोर्टचं शेवटचं पान

दोन वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात मी माझ्या धंद्यावर एक लेख लिहिला होता. पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरून देण्यात चौतीस वर्षं गेली, त्यातल्या गमतीजमती. लोकांना लेख आवडला. बाजारात भेटतील तिथे थांबवून सांगायचे, अण्णा, तो तीन नावांचा म्हातारा काय लिहिलात. मी हसून मान डोलवायचो आणि पुढे सरकायचो. त्या लेखातून मी एक प्रकरण वगळलं होतं. खरं सांगायचं तर ते वगळलेलं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणूनच बाकीची माणसं इतकी रंगवून लिहिली होती.

ते प्रकरण सोळा-सतरा वर्षं मी पूर्ण असं कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो, कारण ज्याला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तो माणूस या वर्षी गेला, आणि मीही पंचाहत्तरीला टेकलोय. नावं बदलली आहेत. गावाचं आणि आखातातल्या त्या देशाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ओळखायला हवं ते ओळखतील.

आधी काम काय होतं ते सांगतो. रत्नागिरीत कलेक्टर कचेरीच्या जवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी खोली होती. दोन टेबलं, एक टाइपरायटर, पुढे संगणक, गिऱ्हाइकांना बसायला एक लांब बाक. जिना लाकडी आणि इतका उभा, की म्हाताऱ्या माणसांच्या सह्या मी खाली जाऊन रिक्षात बसून घ्यायचो. मी एजंट नव्हतो. नोकऱ्या लावणं, तिकिटं काढणं, असलं काही केलं नाही. मी फक्त कागद करायचो. कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि बापाच्या पासपोर्टवर तिसरंच असायचं. ती तिन्ही माणसं एकच आहेत हे सरकारला पटेल अशा भाषेत लिहून द्यायचं, हा माझा धंदा.

आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस आखातात असतो. पगार बऱ्यापैकी झाला की तो बायकामुलांना तिकडे नेतो. त्याला फॅमिली व्हिसा म्हणतात, आणि तिथे राहण्याच्या परवान्याला आमच्याकडे सगळे अकामा म्हणतात. बाप कंपनीच्या हमीवर राहतो, आणि बायकामुलं बापाच्या हमीवर. हा अकामा वर्षा-दोन वर्षांनी नवा करावा लागतो. मुलगा ठरावीक वयाचा झाला की बापाची हमी त्याच्यावरून उठते. मग त्याने स्वतःची नोकरी शोधायची, नाहीतर गावाला यायचं. मुलीचं तसं नसतं. मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या हमीवर राहू शकते. लग्न झालं की मात्र तिथलं सरकार तिला बापाचं मूल धरत नाही.

वयाच्या त्या रेषेवर आलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. एक बाई आपल्या ताडमाड मुलाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "अण्णा, ह्याला अजून मासळीचे काटे काढून द्यावे लागतात. हा सज्ञान कसला? तसा लिहा नां कायतरी." मुलगा खाली मान घालून बसला होता. तसं लिहायला रकाना नव्हता. तो मुलगा आजीकडे गावी राहायला आला, आणि एस.टी.चा थांबा कुठला हे विचारायला रोज माझा जिना चढायचा. पुढे त्याचं बरं चाललं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे आणि काटे तो काढून देतो, त्याच्या मुलाला.

माझ्याबद्दल एक वाक्य गावोगाव फिरायचं. अण्णांचा कागद परत येत नाही. हे वाक्य मी स्वतः कधी बोललो नाही, पण ते ऐकायला मिळेल अशी व्यवस्था करायचो. नव्या गिऱ्हाइकाला विचारायचो, माझ्याकडेच कसे आलात? मग तो ते वाक्य म्हणायचा आणि बाकावरची बाकीची माणसं माना हलवायची. माणसाला जे काही व्यसन असतं ते मला हे होतं.

दुसरी एक सवय होती, तिला मी शिस्त म्हणायचो. माझ्या टेबलावरून कागद अर्धवट जाता कामा नये. एका कामासाठी कुणी आलं आणि त्याच्या कागदांत दुसरी काही उणीव दिसली, तर तीही मी त्याच फेरीत भरून काढायचो. माणूस दोनदा का खेपा घालेल? गिऱ्हाइकं खूश असायची.

हुसेनभाई माझ्याकडे पहिल्यांदा आले ते स्वतःच्या पासपोर्टसाठी, लग्नाआधी. खाडीपलीकडच्या गावातला माणूस, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. आखातात एका कंपनीत वातानुकूलन यंत्रांचा मेकॅनिक म्हणून लागला आणि तिथेच त्याची हयात गेली. बायकोचा पासपोर्ट, मुलीचा, मग धाकट्या दोन मुलांचे, सगळे माझ्या हातचे. सुट्टीवर आले की खजुराचा डबा घेऊन जिना चढायचे, बाकावर बसायचे आणि समोरच्याला सांगायचे, "अण्णांनी केलेला कागद परत येत नाय." त्यांच्या तोंडून ते वाक्य खरं वाटायचं, कारण ते दुसरं फारसं काही बोलत नसत.

थोरली मुलगी नसरीन. ती दोन वर्षांची असताना तिकडे गेली आणि तिकडेच वाढली. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर अरबी आणि हिंदी, पण घरात आईबाप बोलतील तीच बोली. त्यामुळे तिचं मराठी आमच्या शहरातल्या मुलींपेक्षा जुनं होतं, खाडीकाठच्या एखाद्या आजीसारखं. अभ्यासात हुशार होती. ती तिथे फार्मसी शिकत होती. हुसेनभाईंनी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका मला दाखवायला आणली होती. त्यातलं मला काय कळणार, पण त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढली आणि परत त्यातच ठेवली, ते लक्षात आहे.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी सगळे सुट्टीत गावी आले असताना नसरीनचा निकाह झाला. मुलगा नात्यातलाच, इम्तियाज, मालवाहू जहाजावर होता. त्याला जहाजावर चढायची तारीख आली होती, म्हणून निकाह घाईत उरकला. रुखसत, म्हणजे मुलीला सासरी पाठवणं, नसरीनची शेवटची परीक्षा झाल्यावर करायची असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. परीक्षेला दहा महिने होते. आमच्या बाजूला असं पुष्कळ घरांत होतं. निकाह झालेली मुलगी वर्ष-दोन वर्षं आईबापांकडेच असते, आणि घरातली माणसं तिला लग्न झालेली म्हणत नाहीत.

हुसेनभाईंची रजा संपली, ते पुढे गेले. आठवड्याभराने नसरीन माझ्याकडे आली. काम साधं होतं. कॉलेजला द्यायच्या एका दाखल्याची प्रत साक्षांकित करून हवी होती. तिच्या आईचे गुडघे दुखायचे, म्हणून आई धाकट्यांना घेऊन खाली रिक्षात थांबली होती. वर ती एकटी आली.

मी कागद बघण्यासाठी तिचा पासपोर्ट मागितला. तो संपायला सव्वा वर्ष होतं. आणि माझ्यातली ती शिस्त जागी झाली.

"निकाह झाला ना गो तुझा? मग नवऱ्याचं नाव घालून नवाच पासपोर्ट करून टाकूया. तातडीचा अर्ज करू. जायच्या आत हातात येईल."

ती म्हणाली, "अण्णा, थांबा जरा. निकाह नुसता झालाय. रुखसत परीक्षेनंतर हाय. तेव्हाच घालूया नां नाव."

"तेव्हा परत पोलीस चौकशी, परत खेपा. आता इथे आहेस तर होऊन जाऊ दे."

"पण सव्वा वर्ष हाय की अजून. परीक्षा तोपर्यंत होऊन जाईल." मग तिने विचारलं, "तिथे अकाम्याला काय अडचण तर येणार नाय? तीन महिन्यांनी माझा अकामा नवा करायचाय. तुमी थांबा, मी बाबांना इचारतंय."

मी हसलो. मला ते हसणं अजून आठवतं. बाकावर दोन माणसं होती, त्यांच्याकडे बघून हसलो. "पासपोर्ट आपल्या सरकारचा, अकामा त्यांच्या सरकारचा. त्याचा याच्याशी काय संबंध? बाबांना कशाला त्रास? तुझ्या बाबांचे सगळे कागद कुणी केले?"

"तुमी."

"एक तरी परत आला?"

एकवीस वर्षांची मुलगी, समोर बापाच्या वयाचा माणूस, आणि बापाने ज्याचं नाव आयुष्यभर घेतलेलं. तिने सही केली. फॉर्म मी भरला. विवाहित या चौकटीत खूण माझ्या हातची, आणि पतीचं नाव या रकान्यात इम्तियाजचं नाव माझ्या अक्षरातलं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई, बाप, नवरा आणि पत्ता एवढंच छापलेलं असतं. नव्या पासपोर्टच्या त्या पानावर ते नाव आलं.

आता जे लिहितो ते लिहायला मला जास्त जड जातंय. तो नियम मला माहीत नव्हता, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. अकाम्याच्या वेळी मोठ्या मुलींसाठी बापांना एक प्रतिज्ञापत्र जोडावं लागायचं. "माझी मुलगी अविवाहित असून सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे." हे वाक्य मी माझ्या टाइपरायटरवर किती घरांसाठी टाइप केलं असेल. त्या वर्षीच दोन-तीनदा तरी केलं होतं. हात टाइप करत होते, आणि समोर बसलेली मुलगी नेमका तोच प्रश्न विचारत होती, तरी माझ्या डोक्यात ते दोन धागे जुळले नाहीत. जुळले नाहीत, कारण मला ते काम पूर्ण करायचं होतं. मला खोटं काहीच लिहायचं नव्हतं; रुखसत होईपर्यंत घरच्यांच्या लेखी ती बापाचीच मुलगी होती. नुसतं थांबायचं होतं. जुना पासपोर्ट होता तसा राहू दिला असता, तर परीक्षा होईपर्यंत ते शेवटचं पान कोरं राहिलं असतं.

तीन महिन्यांनी अकाम्याचा अर्ज परत आला. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, शेवटचं पान बघितलं आणि सांगितलं, ही विवाहित आहे, बापाच्या हमीवर राहू शकत नाही. नवऱ्याने हमी घ्यावी. नवरा कुठे आहे? नवरा जहाजावर, तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे. त्याला त्या देशात घर नाही, नोकरी नाही. कॉलेजने विद्यार्थी म्हणून हमी घ्यावी यासाठी हुसेनभाईंनी खेटे घातले, पण त्याची मुदत वर्षाच्या सुरुवातीलाच संपली होती. बापाच्या कागदावरून ती उतरली होती, आणि नवऱ्याच्या कागदावर चढायला जागाच नव्हती.

ते नाव काढून टाकता येईल का, असंही त्यांनी कुणामार्फत मला विचारून घेतलं. मी नियम सांगितला. नाव घालायला एक अर्ज लागतो. काढायला तलाकनामा लागतो, नाहीतर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. तो निरोप घेऊन जाणाऱ्या माणसाचा चेहरा बघवला नाही.

आणि मग एका सकाळी हुसेनभाईंचा फोन आला. ऑफिसातला फोन टेबलावरच होता. बाकावर चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला एक नवा होता आणि दुसरा त्याला नुकतंच ते वाक्य सांगत होता.

"अण्णा, हुसेन बोलतंय. एकच इचारायचाय. नवऱ्याचा नाव घालायला कोणी सांगितला? नसरीन म्हणते, मी थांबा म्हटला होता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी रिसीव्हर कानाला धरून बाकाकडे बघितलं. चारही माणसं माझ्याकडे बघत होती.

"हुसेनभाई," मी म्हटलं, "मुलीनेच सांगितलं. मी तर तिला विचारलं होतं. सही तिची आहे."

ते कामावरूनच बोलत असावेत. यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तिनाच सांगितला?"

"हो."

"बरा," ते म्हणाले. "तुमी खोटा कशाला बोलाल."

मी फोन ठेवला आणि नव्या गिऱ्हाइकाला म्हटलं, हां, बोला, काय काम आहे?

एवढं ते अर्धं. हे बायकोलाही माहीत नाही. तिला वाटतं माझी चूक झाली. चूक झाली ती पासपोर्टची. फोनवर जी केली तिला चूक म्हणत नाहीत.

नसरीन महिन्याभराने परत आली. आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझा जिना चढून आली, त्या वेळीही एकटीच. बाक रिकामा होता. तिने बसायला खुर्ची घेतली नाही.

"अण्णा, त्या दिवशी मी तुमाला काय सांगितला होता, आठवतंय तुमाला?"

देवाने मला इतकी सोपी संधी परत कधी दिली नाही. खोलीत कुणी नव्हतं. तिचा सूर भांडणाचा नव्हता. मी समोरचा फॉर्म उलटा केला, सरळ केला, आणि म्हटलं, "आता कसं आठवेल गो? रोज इतकी माणसं येतात."

ती म्हणाली, "मला आठवतंय," आणि खाली उतरली. त्या जिन्यावरून माणसं पाय चाचपत उतरायची. ती झपझप गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. घरात असं ठरलं, की पोरीला संसाराची घाई झाली होती म्हणून तिनेच नाव घालून घेतलं, आणि आता शिक्षण बुडालं म्हणून दुसऱ्यावर ढकलते आहे. मग थांबायचं कशाला? इम्तियाज जहाजावरून उतरला तसं रुखसत करून दिली. इथल्या कॉलेजने तिकडची तीन वर्षं धरली नाहीत, पहिल्यापासून सुरू करा म्हणाले. तोवर पहिलं मूल पोटात होतं. इम्तियाज चांगला माणूस आहे, हे मी मुद्दाम लिहितो. त्याच्या नावात काही वाईट नव्हतं. ते नाव त्या पानावर दहा महिने लवकर गेलं, आणि ते मी घातलं.

मी काम करत राहिलो. अर्ज संगणकावर आले, मग फोनवर आले. मुलं स्वतःच भरू लागली, आणि एक दिवस मी खोली सोडली. निरोपाचा छोटा समारंभ झाला, त्यातही कुणीतरी ते वाक्य म्हटलं. टाळ्या वाजल्या.

सहा-सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी सुरू केली. घराजवळच्या मेडिकलमध्ये गेलो तर काउंटरपलीकडे नसरीन. मुलांच्या शाळेसाठी ते शहरात राहायला आले होते आणि तिने तिथे काम धरलं होतं. मागच्या भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचा परवाना लावलेला होता. त्यावर फोटो दुसऱ्याच एका पोरगेल्या मुलाचा होता. तो आत बसून मोबाइल बघत होता. डॉक्टरांचं अक्षर त्याला लागलं नाही की तो तिला हाक मारायचा, "आपा, हे काय लिहिलंय?" ती एका नजरेत वाचून सांगायची.

माझी चिठ्ठी तिने वाचली, गोळ्या काढल्या. "अण्णा, ही सकाळी घ्यायची, नाश्त्यानंतर. आधी दुसरी कुठली चालू हाय? ॲसिडिटीची? त्यात दोन तासांचा अंतर ठेवा." सगळं जसं एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगावं तसं, नीट, सावकाश. पाकिटावर पेनने सूर्याचं चित्र काढून दिलं, सकाळ कळावी म्हणून. मी म्हटलं, मला वाचता येतं गो. ती म्हणाली, "ठाऊक हाय. सगळ्यांनाच काढून देतंय."

तेव्हापासून दर महिन्याला मी तिथेच जातो. घरापासून दुसरं एक दुकान त्याहूनही जवळ आहे. दर महिन्याला घरून निघताना तिला सांगायचं वाक्य तयार असतं. दुकानात कुणी ना कुणी असतं. आणि कुणी नसलं की मीच परत बाहेर येऊन कुणी येण्याची वाट बघतो, हे मला उशिरा कळलं.

तिला सांगता येत नाही तर बापाला सांगावं, असं ठरवून गेल्या वर्षी मी हुसेनभाईंच्या गावी गेलो. ते कायमचे परत आले होते. दुपारच्या एस.टी.ने उतरलो, खाडीच्या कडेने चालत गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणखी बारीक झालेले, श्वासाला त्रास. मला बघून उठायला लागले. मी बसवलं. आत हाक मारली, "अगो, अण्णा आलेत. चहा टाक. खजूर काढ." आमच्यात आता काम काही उरलेलं नव्हतं, तरी त्यांनी सवयीने विचारलं, "कुठला कागद राहिलाय काय माझा?"

मी म्हटलं, "राहिलाय एक."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. हसले. मग चहा आला, आणि ते आपणहून त्या विषयावर आले.

"अण्णा, त्या वेळी मी नसरीनशी पाच महिने बोललो नाय. ती फोन उचलायची, मी म्हणायचो, आईला दे. पोर शेवटपर्यंत म्हणत होती, बाबा, मी थांबा म्हटला होता. मी म्हटला, अण्णा खोटा कशाला बोलतील? त्यांना त्यात काय मिळणार?" चहाची बशी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती गुडघ्यावर टेकवली. "आता वाटतं, बोलायला पायजे होता. पोर असते, चुकते. मी फार ताणला."

मला काय मिळालं होतं ते त्यांना त्या क्षणी सांगायला हवं होतं. बाकावरच्या चार माणसांसमोर माझं एक वाक्य शाबूत राहिलं, हुसेनभाई, तेवढंच. तोंड उघडलं आणि मी विचारलं, "विहिरीला पाणी कसं आहे यंदा?"

"हाय बरा," ते म्हणाले.

मग आम्ही पाण्यावर बोललो. नारळावर पडलेल्या रोगावर बोललो. परतीच्या गाडीची वेळ झाली. फाटकापर्यंत ते हात धरून आले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की मी त्यांना काही दिलं नाही ते नाहीच, उलट जाताजाता त्यांच्याकडून मुलीची चूक माफ झाल्याचं ऐकून आलो. जी तिने केलीच नव्हती.

या वर्षी रमजानच्या आधी हुसेनभाई गेले. मी दफनाला गेलो होतो, पाठीमागे उभा राहिलो. कुणीतरी मला पुढे करत म्हणालं, अण्णांना येऊ द्या, त्यांचे सगळे कागद अण्णांनीच केले.

त्यानंतरच्या महिन्यात गोळ्यांना गेलो तेव्हा दुकानात फक्त नसरीन होती. तो परवानाधारक मुलगा जेवायला गेला होता. मी बाहेर थांबलो नाही. सरळ काउंटरवर गेलो, दोन्ही हात काचेवर ठेवले.

"नसरीन," मी म्हटलं, "तुझ्या बाबांना मी एकदा फोनवर..."

तिने गोळ्यांची पट्टी काढून ठेवली होती, ती कात्रीने मोजून कापत होती. कात्री थांबली. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं आश्चर्य नव्हतं. ती वाट बघत होती. किती वर्षं ते मला माहीत नाही.

तेवढ्यात एक बाई तापलेलं मूल खांद्यावर घेऊन आत आली आणि चिठ्ठी पुढे केली. नसरीनने अजून एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठी घेतली, वाचली, मुलाचं वजन किती म्हणून विचारलं. बाईला औषध किती मिली, किती वेळा, कुठल्या टोपणाने मोजायचं ते सांगितलं, परत म्हणून घेतलं. बाई गेली. दुकान पुन्हा रिकामं होतं.

"अण्णा, कंपनी बदललीय, औषध तोच हाय. घाबरू नका," ती म्हणाली. पाकीट माझ्यापुढे सरकवलं. त्यावर सूर्य काढलेला होता. "आणखी काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

घरी आलो आणि संपादकांना कळवलं, की यंदा लेख देतो. जी चार माणसं त्या दिवशी बाकावर होती ती आता कुठे आहेत ठाऊक नाही. खाडीपलीकडच्या गावात मात्र हा अंक जातो, आणि ज्यांनी एका मुलीला घाई झालेली म्हटलं त्यांच्यातले पुष्कळजण अजून वाचतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं. तिच्यासाठी काउंटरवर जे बोलायचं होतं ते एवढंच होतं:

नसरीन, ते नाव घालायला तू सांगितलं नव्हतंस. तू थांबा म्हणाली होतीस, दोनदा. तू विचारलंस त्या दिवशीही मला आठवत होतं, आणि नंतरही रोज आठवत होतं. तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं. मला माफ कर.